खडूंची बँक

८ जुलै

आई,

नमस्कार. एरवी पाया पडले असते, पण तुमचे पाय सध्या ताईंच्या घरी आहेत, तेव्हा कागदावरच वाकते.

तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून पत्र. फोन मध्येच ठेवून देता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच. तुम्ही तर औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा चष्मा लावून शेवटपर्यंत वाचता.

घर मजेत आहे. तुमचे चिरंजीव मजेत, चिमणी मजेत, मी तर फारच मजेत. ओला टॉवेल खुर्चीवर टाकला म्हणून कुणी बोलत नाही. शेगडीखाली बोट फिरवून ते माझ्या नाकासमोर कुणी धरत नाही. फक्त सकाळचा चहा रोज एक कप जास्त होतो. तो मीच पिते. त्यामुळे पित्त वाढलंय, बाकी काही नाही.

तुम्ही म्हणाला होतात, ‘तू त्या खुर्चीवरून उठलीस, तर मी या घरातून उठेन.’ मला वाटलं, रागाच्या भरात बोलताय. मी बँकेची खुर्ची सोडली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही बॅग भरलीत. मुलीच्या घरी राहायला आजवर कधी दोन रात्रींच्या वर तयार नव्हतात, त्या तुम्ही तिकडे महिनाभर मुक्काम ठोकून आहात. शब्दाच्या पक्क्या आहात, एवढं मात्र मानलं पाहिजे.

आता आपल्यातला करार पुन्हा एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको. बँकेने मला वर्षाची बिनपगारी रजा दिली आहे. शाळेनेही मला वर्षापुरतंच घेतलंय, कारण माझा विषय नवा आहे. मार्चमध्ये पालकसभा होईल आणि हा विषय पुढे ठेवायचा की नाही, ते पालक ठरवतील. ठेवला, तर मी शाळेतली बाई. नाही ठेवला, तर मी मुकाट्याने पुन्हा काउंटरमागे आणि तुम्ही पुन्हा तुमच्या खोलीत. म्हणजे मी हरले की तुम्ही घरी येणार! असला करार शहाण्या माणसांनी कधी केला नसेल. मी जिंकावं असं मला वाटतं, आणि तुम्ही घरी यावं असंही वाटतं, आणि या दोन्हींची बेरीज काही केल्या होत नाही.

वर्गाचं सांगते. नववीचा वर्ग, दुसरा मजला, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. पुस्तकावर विषयाचं नाव ‘व्यवसाय आणि अर्थव्यवहार’ असं भारदस्त आहे, मुलं त्याला पैशाचा तास म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर व्यवसायाची व्याख्या लिहिली. ती उतरवता उतरवता अर्धा वर्ग पेंगला. मलाही जांभई आली, ती मी फळ्याकडे तोंड करून दिली. मग या मंगळवारी वर्गात गेले आणि जाहीर केलं, ‘आजपासून इथे काहीही फुकट नाही. बसायचा बाकसुद्धा भाड्याने मिळेल.’

सगळे खडबडून जागे झाले. पुढे काय झालं ते पुढच्या पत्रात लिहीन, कारण कुकरची शिट्टी झाली.

तुमची,
रजेवरची सून


२ ऑगस्ट

आई,

तुमचा निरोप चिरंजीवांकडून पोचला. ‘मुलांकडून बसायचं भाडं घेतात? लाज वाटत नाही का म्हणावं.’ त्यांनी तुमचा आवाज काढून म्हणून दाखवला, चिमणी हसून लोळली. माझ्याशी बोलत नाही, पण मला बोलायचं मात्र सोडलं नाहीत, याचा मला किती आनंद झाला ते सांगत नाही.

अहो, भाडं खऱ्या पैशात नाही. आमच्या वर्गाचं स्वतःचं चलन आहे, त्याचं नाव खडू. परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी नोटा काढल्या, मध्ये खडूचं चित्र आणि खाली माझी सही. वर्गात प्रत्येकाला नोकरी आहे. कुणी फळा पुसतं, कुणी खिडक्या उघडतं, कुणी उशिरा येणाऱ्यांची नोंद ठेवतं. शनिवारी पगार. त्या पगारातून बाकाचं भाडं भरायचं. खिडकीजवळचे बाक महाग, पंख्याखालचे त्याहून थोडे स्वस्त, आणि दाराजवळचा, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याचं दप्तर डोक्याला लागतं, तो सगळ्यांत स्वस्त. वही विसरली तर दंड. दंड भरायला शिल्लक नसेल, तर मधल्या सुट्टीत वर्ग झाडायचा.

पहिल्याच आठवड्यात सगळे खिडकीकडे धावले. दुसऱ्या आठवड्यात त्यातले निम्मे हातात झाडू घेऊन उभे होते, कारण सगळा पगार वाऱ्याच्या झुळकीवर उडवला होता. बचत म्हणजे काय, हे मी एका शब्दाने शिकवलं नाही. झाडूने शिकवलं.

पण एक मुलगी दाराजवळच बसली. दप्तरं डोक्यावर घेत, निमूटपणे. दोन नोकऱ्या करायची आणि खडू साठवायची. महिना संपता संपता तिने खिडकीजवळचे सगळे बाक पूर्ण सत्रासाठी एकरकमी भाड्याने घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून तेच बाक चढ्या भाड्याने इतरांना द्यायला लागली! स्वतः अजून दाराजवळच. वर्गात हलकल्लोळ. तिचं नाव आता घरमालकीण पडलंय. आमच्याकडे एक शंकासुर आहे, ज्याचं प्रत्येक वाक्य ‘पण बाई’ने सुरू होतं. तो उभा राहिला, ‘पण बाई, असं चालतं का?’ घरमालकीण बसल्या जागेवरून म्हणाली, ‘चालत नाही असं नियमात कुठे लिहिलंय ते दाखव.’ लिहिलेलं नव्हतंच. मी कपाळाला हात लावला.

मग आम्ही तास सोडून नियम करायला बसलो. कुणी किती बाक घ्यायचे, पोटभाडं किती घ्यायचं. एवढी भांडणं झाली की शेजारच्या वर्गातून गणिताचे सर बघून गेले. घरमालकिणीने प्रत्येक नियमाला घासाघीस केली आणि शेवटी दोन बाक राखले. आई, ही पोरगी तुम्हाला आवडली असती. हातातून एक खडू सुटू देत नाही आणि चेहऱ्यावरची रेषा हलू देत नाही. घरात अशी एक व्यक्ती मी अकरा वर्षं पाहिली आहे.

तुमची,
रजेवरची सून


२१ सप्टेंबर

आई,

आज माझी फजिती लिहिते, म्हणजे तुम्हाला दुपारी बरी झोप लागेल.

झालं असं, की मी मुलांवर खूश होते. चांगलं उत्तर दिलं, दे पाच खडू. सुंदर अक्षर, दे दहा. शंकासुराने दिवसभरात एकदाही ‘पण बाई’ म्हटलं नाही, दे वीस. हळूहळू सगळ्यांचे खिसे फुगले. शुक्रवारी आम्ही वस्तूंचा लिलाव करतो, प्रत्येकाने घरून एक नको असलेली वस्तू आणायची. त्या दिवशी एक अर्धा झिजलेला खोडरबर तीनशे खडूंना गेला. तीनशे! जुलैमध्ये तेवढ्यात अख्खी खिडकी मिळाली असती. पगारावर काम करायला कुणी तयार होईना. फळा पुसणारा मला म्हणाला, ‘एवढ्यात काय येतं हल्ली, बाई?’

मी शोधत बसले की गडबड कुठे झाली. घरमालकीण शांतपणे म्हणाली, ‘बाई, तुम्ही नोटा छापता.’

दहा वर्षं बँकेत काढलेली मी! मला चौदा वर्षांच्या मुलीने महागाई समजावून सांगितली, आणि ती मीच आणलेली. मी वर्गासमोर मान्य केलं. एवढा आनंद मुलांना कुठल्याच सुट्टीचा झाला नसेल.

रात्री जेवताना चिरंजीवांना सांगितलं, त्यांनी फोनवर तुम्हाला सांगितलं, आणि तुमचा निरोप आला, ‘लाड केले की भाव चढतात, म्हणावं. निम्म्या नोटा जाळून टाक.’ मी तो वर्गात जसाच्या तसा वाचून दाखवला. जाळायची कल्पना मुलांना भयंकर आवडली. मोठ्या बाईंनी मात्र, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, काडेपेटी आणाल तर तुम्हालाच वर्गाबाहेर उभं करीन, असं मला सांगितलं. मग आम्ही सगळ्यांवर कर बसवला आणि जमलेल्या नोटांचे बारीक तुकडे करून शाळेच्या बागेत खतात टाकले. मी शाबासकी आता तोंडी देते. खोडरबर पुन्हा जमिनीवर आला.

मुलं विचारत होती, हा निरोप कुणाचा? मी म्हटलं, माझ्या सासूबाईंचा. शंकासुर म्हणाला, ‘पण बाई, त्या थेट तुम्हाला का नाही सांगत?’ मी त्याला पान सत्तावीस काढायला सांगितलं.

तुमची,
नोटा छापणारी


१३ ऑक्टोबर

आई,

सोबत एक कार्ड आहे. ते टाकून देऊ नका.

आमच्या वर्गात आता बँक सुरू झाली. दोन टेबलं जोडून काउंटर केलं, वर पुठ्ठ्याची भिंत, तिला मध्ये चौकोनी भोक. मुलांनी सभा घेऊन ठराव केला की महागाईवर सल्ला देणाऱ्या आजींना पन्नास खडू मानधन द्यावं. घरमालकीण एकटी विरोधात होती, तिचं म्हणणं तीस पुरे. पण बहुमत झालं. आता पैसे द्यायचे तर खातं हवं, आणि खात्याला नमुन्याची सही हवी. कार्डावर खाली रेघ आहे, तिथे सही करायची. पुढे कधी पैसे काढायला आलात, तर सही या कार्डाशी जुळवून बघतील.

तुम्हाला हा पोरखेळ वाटत असेल, तर पाठवू नका. मी मुलांना काहीतरी सांगीन.

पोरखेळच आहे तसा. पण पाठवलंत तर मला बरं वाटेल.

तुमची,
सून


४ नोव्हेंबर

आई,

कार्ड मिळालं.

पाकिटात पत्र असेल म्हणून मी ते तीनदा उलटं करून झटकलं. नव्हतं. नुसतं कार्ड, तुमचं पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं आणि सरळ, आणि खाली ती तुमची ठसठशीत रेघ. हरकत नाही. पाच महिन्यांत तुमच्याकडून माझ्या हातात आलेली ही पहिली वस्तू. कार्ड वर्गात न्यायच्या आधी दोन दिवस मी ते चहाच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं. चिमणी म्हणाली, ‘आजीचं कार्ड आलं, मग आजी कधी?’ मी म्हटलं, विचारते. तर विचारलं.

तुमची,
सून


१८ जानेवारी

आई,

हे पत्र लिहू की नको, असं करत आठवडा गेला. लिहिते. रागावलात तर रागवा, अंतर तेवढंच राहील.

मागच्या बुधवारी वर्गात बँकेचा खेळ होता. अर्धा वर्ग काउंटरमागे, अर्धा रांगेत. घरमालकीण अर्थातच भोकामागे. एक लाजाळू मुलगा पैसे काढायला आला. त्याची सही जुळेना. ती म्हणाली, ‘जुळत नाही. पुढचा.’ तो पुन्हा आला. ‘जुळत नाही. पुढचा.’ तिसऱ्यांदा ती भोकातून डोकं बाहेर काढून मोठ्याने म्हणाली, ‘आधी सही शिकून ये, मग पैसे माग!’ सगळा वर्ग खो खो हसला. त्या मुलाचे कान लाल झाले. तो कागद खिशात कोंबून जागेवर जाऊन बसला.

मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि घोटभर पाणी प्यायले. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. अगदी हेच.

तुम्ही मला ते एकदाच सांगितलंत, माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी. बाबा गेल्यावर मुलांच्या फीचे पैसे काढायला तुम्ही बँकेत गेलात. हात कापत होता, सही जुळली नाही. तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो काचेमागचा माणूस सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘बाई, आधी सही शिकून या.’ रांग हसली. तुम्ही घरी येऊन रद्दीच्या कागदांवर महिनाभर स्वतःचं नाव गिरवलंत आणि त्याखाली रेघ मारायला लागलात. हे सगळं तुम्ही भाजी निवडत, माझ्याकडे न बघता सांगितलंत. आणि त्याच दिवशी दुपारी माझ्या काउंटरसमोरच्या खुर्चीत तासभर येऊन बसलात. काही काम नव्हतं. मी विचारलं, काय हवंय आई? म्हणालात, ‘काही नाही. बसलेय.’

आई, तुम्ही सगळ्यांना ‘माझी सून बँकेत असते’ असं सांगत फिरायचात, तेव्हा मला वाटायचं की तुम्हाला माझ्या पगाराचं कौतुक आहे. त्या व्हरांड्यात उभी राहिले तेव्हा कळलं, पगाराचा काही संबंध नव्हता. काचेच्या पलीकडे एकदाचं आपलं माणूस बसलं होतं. ते तिथून उठलं, म्हणून तुम्ही उठलात.

मी वर्गात तुमचं काहीच सांगितलं नाही. तुमची गोष्ट तुमची आहे. मी आत गेले आणि सगळ्यांना कागद दिले. म्हटलं, आता प्रत्येकाने सही करायची, पण डाव्या हाताने. एकेकाने पुढे येऊन, उभ्याने, सगळ्यांच्या देखत, आणि रांगेतल्यांनी ‘लवकर, लवकर’ म्हणायचं. एकाचीही जुळली नाही. घरमालकिणीची तर तिलाच वाचता येईना. ती भोकासमोर उभी होती आणि मागून कुणीतरी म्हणालं, ‘शिकून ये गं!’ पुन्हा हशा. ती हसली नाही.

तास संपायच्या आत तिने हात वर केला. म्हणाली, ‘बाई, काउंटरचे नियम बदलायला पाहिजेत.’ मग मुलांनीच नवे नियम केले. सही जुळली नाही तर ते मोठ्याने सांगायचं नाही. भोकातून बोलायचं नाही, उठून बाहेर यायचं. आधी खुर्ची द्यायची, मग पाणी, मग पेन. शंकासुराने शंका काढली, ‘पण बाई, खोटा माणूस असला तर?’ त्यावर घरमालकीण म्हणाली, ‘खोट्याला पण बसू दे. बसल्यावर तपासू.’

दहा वर्षं मी काउंटरमागे होते आणि असा नियम मला सुचला नव्हता. मला या वर्गातून उठायचं नाही, आई. तुमच्यावर रुसून नाही, तुम्हाला हरवायचंय म्हणूनही नाही. मला इथे फार बरं वाटतं.

तुमची,
सून


२० फेब्रुवारी

आई,

महिना झाला, तुमचा निरोप नाही. चिरंजीव म्हणतात, आई फोनवर नुसतं हवापाण्याचं बोलते. मी विचारलं, माझं पत्र पोचलं का? म्हणाले, ताई म्हणते पोचलं. मग आई काय म्हणाल्या? काही नाही म्हणाली.

मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं का? तसं असेल तर तेवढं तरी चिरंजीवांकडून कळवा. टोचून कळवा, चालेल.

इकडे बँकेचं विचारणं आलंय, एप्रिलमध्ये रुजू होणार की नाही. मोठ्या बाईंनी सरळच सांगितलं, ‘मुलं खूश आहेत हे दिसतंय मला. पण पालकांना वाटतं वर्गात नुसता खेळ चालतो. निम्म्याहून जास्त हात वर झाले नाहीत, तर मी काही करू शकणार नाही.’ सभा आहे १५ मार्चला, शनिवारी सकाळी, आठवी-नववी दोन्हींच्या पालकांची. मुलं वर्गात बँक, भाड्याचं कार्यालय आणि दुकान मांडणार आहेत, आणि पालकांना दारातच दहा दहा खडू देऊन आत सोडणार आहेत. मला रात्री दचकून जाग येते, आणि मग तुमच्या खोलीचा दिवा बंद आहे ना ते मी बघून येते. तो बंदच असतो.

तुमची,
सून


१६ मार्च

आई,

काल तुम्ही तिथे होतात, तेव्हा तुम्हालाच काय सांगायचं? पण तुमची पाठ माझ्याकडे होती. मी मागे फळ्याजवळ उभी होते. तिथून काय दिसलं, ते लिहिते.

ताईंच्या मागे तुम्ही दारातून आत आलात. मुलाने खडू पुढे केले, तुम्ही म्हणालात, ‘मला नको. माझं खातं आहे.’ आणि सरळ जाऊन बँकेच्या रांगेत उभ्या राहिलात. पुढे चार पालक, मागे सहा. ताईंनी हात धरायला बघितला, तो तुम्ही सोडवून घेतलात.

घरमालकिणीने तुमचं कार्ड काढलं. तुम्ही सही केलीत. ती कार्डाकडे बघत राहिली, मग कागदाकडे, मग पुन्हा कार्डाकडे. एवढ्या लांबून मला अक्षरं दिसत नव्हती, पण तुमच्या सहीखालची रेघ मी कुठूनही ओळखते. ती नव्हती. मागचा एक गृहस्थ घड्याळ बघून म्हणाला, ‘अजून किती वेळ?’ तुमचे खांदे वर गेले, आई. मी एक पाऊल पुढे टाकलं. मग थांबले. तो काउंटर माझा नव्हता.

ती उठली. पुठ्ठ्याच्या मागून बाहेर आली, खुर्ची ओढली आणि तुमच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मी नंतर तिला विचारलं. ‘आजी, बसा. उभ्याने नीट होत नाही. माझी पण नाही झाली.’ तुम्ही बसलात. पाणी आलं. ती रांगेकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, ‘हा काउंटर थोडा वेळ बंद आहे. तोवर बाकांचे दर बघून घ्या, अर्ध्या तासात वाढणार आहेत.’ मालकीण ती मालकीणच! सगळे दर बघायला गेले.

तुम्ही चष्मा काढून पुसलात. बराच वेळ पुसलात. मग सही केलीत आणि रेघ मारलीत, ती मात्र मला फळ्याजवळून दिसली.

‘किती काढायचे?’ तिने विचारलं.

‘सगळे. आणि मला एक बाक हवाय. खिडकीचा.’

‘आजी, या वर्षीचे तास संपले. आता एकदम जून.’

‘मग जूनचं भाडं घे.’

‘पण पुढच्या वर्षी हा तास असणार की नाही, ते आज ठरायचंय. हात वर झाले नाहीत तर नाही.’

तेव्हा तुम्ही तुमच्या त्या आवाजात बोललात, जो आपल्या घरी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पोचतो. ‘मी पैसे भरतेय ना? पावती फाड.’

वर्गातले सगळे पालक वळून बघायला लागले. घरमालकिणीने पावती फाडली. घड्याळवाल्या गृहस्थांनी बायकोकडे बघितलं आणि खिशातले दहा खडू काढून विचारलं, ‘आमच्या आठवीतल्या मुलासाठी पंख्याखालचा आहे का जूनला?’ त्यांच्यामागे आणखी एक जण आला. मोठ्या बाईंनी सभा सुरू करायच्या आत बाकांसाठी रांग लागली होती, आणि हात मोजायची वेळ आली तेव्हा त्यांनी नुसती नजर फिरवली आणि म्हणाल्या, ‘पुरे, दिसलं.’ मग माझ्याकडे वळून, ‘जूनमध्ये वेळेवर या.’

मी तुमच्याकडे येत होते, पण तुम्हीच आलात. नऊ महिन्यांनी समोरासमोर. फळ्याच्या खालच्या कठड्यावर तुम्ही बोट फिरवलंत आणि ते माझ्या नाकासमोर धरलंत. पांढरंफेक. ‘इथे कुणी पुसत नाही का गं?’ म्हणालात, आणि ताईंबरोबर निघून गेलात.

मी तिथेच रडले. मुलांना वाटलं, विषय राहिला म्हणून.

आता करार. मी जिंकले, म्हणजे कराराप्रमाणे तुम्ही घरी यायला बांधील नाही. म्हणून कराराबाहेरचं मागते. घरी या ना, आई. तुमच्या खोलीतली चादर बदलली आहे. शेगडी मी पुसलेली नाही, तुम्हाला काहीतरी काम ठेवलं पाहिजे.

तुमची,
सून


१४ जून

आई,

पाकिटावर पत्ता लिहिताना हात अडखळला. माझाच पत्ता. पण आमच्या बँकेचा नियम आहे, खातेदाराला शिल्लक टपालाने कळवायची, आणि खातेदार दोन महिन्यांपासून माझ्याच घरी राहतात, तर मी तरी काय करणार? नवी नववी समोर बसून नोटांची चित्रं काढते आहे, तेवढ्यात हे लिहून घेते.

तर कळवण्यात येतं की आपल्या खात्यात शून्य खडू शिल्लक असून, खिडकीजवळच्या बाकाचं भाडं या महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे. बाक रिकामा आहे. घरमालकीण आता दहावीत गेली, पण जाताना नव्या मुलांना बजावून गेली आहे की तो आजींचा आहे, तिथे दप्तरसुद्धा ठेवायचं नाही. पुढचं भाडं द्यायचं असेल तर काम करावं लागेल. जागा एकच रिकामी आहे, फळ्याचा कठडा पुसण्याची. पगार शनिवारी.

चहाचं पाणी आता बरोबर मापाचं होतं. पित्तही गेलं.

आणि एक. आज सकाळी मी चप्पल घालत होते आणि तुम्ही दारात शेजारच्या नव्या बाईंशी बोलत होतात. त्यांनी विचारलं, सूनबाई काय करतात? मी चप्पल घालायची थांबले. खरं सांगते, श्वासही थांबवला. तुम्ही पदराने चष्मा पुसलात आणि म्हणालात, ‘पूर्वी ती बँकेत असायची. आता तिची स्वतःची बँक आहे. माझं खातं आहे तिथे.’

तुमची,
बँकवाली